तीन वर्षांची ओळख

टिकाराम बी.ए. झाला तेव्हा त्याच्या गावाने तुमसरहून बँड बोलावला होता. थर्ड क्लास का होईना, वस्तीतला पहिला बी.ए. होता तो. बँडवाले वाजवून, जेवून निघून गेले, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की पुढे काय करायचं ते कोणी ठरवलेलंच नाही. बी.ए. झालेला पोरगा धान कापायला गेला तर गाव हसणार, आणि नाही गेला तर खाणार काय? शेवटी बापाने त्याला गाडीत बसवलं आणि भिलाईला मामाकडे धाडून दिलं. साल अठ्ठावन्न. भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा राहत होता, आणि ज्या पोराचं काय करावं ते कळेना त्याला आमच्याकडे तेव्हा भिलाईची गाडी दाखवत.

मामा धोंडबा खुर्सीपारच्या मजूर वस्तीत राहायचा आणि रेल्वेच्या नव्या यार्डात ठेकेदाराकडे रूळ टाकायच्या कामावर जायचा. मामी चंपा. पोरबाळ नाही, त्यामुळे भाच्याचं कौतुक दोघांच्या वाट्याचं एकट्याला मिळे. मामा जाईल तिथे सांगायचा, "आमचा भाचा बी.ए. हाये." ऐकणारा तेलुगू असो की पंजाबी, त्याला बी.ए. तेवढं कळायचं.

टिकारामने अर्जांचा सपाटा लावला. रेल्वेचा पार्सल क्लार्क, जंगल खात्याचा कारकून, गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, काही म्हणून सोडलं नाही. एकदा तर दाईच्या जागेसाठी अर्ज गेला, जाहिरात घाईत वाचली होती. त्या खात्याने मात्र उत्तर पाठवलं, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. प्रत्येक अर्ज रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. त्यामुळे झालं काय, की अख्ख्या भिलाईत टिकारामला नीट ओळखणारा एकच माणूस तयार झाला, तो म्हणजे पोस्टमास्तर शेषराव. टिकाराम दारात दिसला की शेषराव चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "काय बी.ए., आज कोनतं खातं?"

आणि एक दिवस चक्क बोलावणं आलं. कारखान्याच्या टाइम ऑफिसात, मजुरांची हजेरी लिहिणारा क्लार्क. मुलाखत झाली, टिकाराम पास झाला, चंपामामीने शेजारपाजारी गूळ वाटला. भरतीच्या ऑफिसातल्या बाबूने सांगितलं की येत्या शनिवारपर्यंत चारित्र्याचे दोन दाखले आणून द्या, मग कामावर या. एक शेवटच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलचा. तो टिकारामच्या पेटीत होता. दुसरा गॅझेटेड अधिकाऱ्याचा. अधिकारी नात्यातला नसावा आणि अर्जदाराला निदान तीन वर्षांपासून स्वतः ओळखत असावा.

आता हा नियम ज्याने कोणी केला त्याने भिलाई पाहिली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्या जागी धान उभं होतं! इथला जो तो परवाच्या गाडीने उतरलेला. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नव्हता, मुकादमाला मजुरांची नावं ठाऊक नव्हती, आणि रशियन इंजिनिअर तर सगळ्यांनाच हात हलवायचे. अशा गावात तीन वर्षांची ओळख कुठून काढायची? टिकारामच्या गावाकडे ओळखणारे ढीगभर होते, पण त्यांच्यात सगळ्यात मोठा अधिकारी म्हणजे पाटबंधाऱ्याचा चौकीदार.

"मी तुले सालभरापासून वळखतो," शेषराव हळहळले. "पन मी गॅझेटेड नाई. माह्या सहीले कोन इचारते?"

मामा मात्र गालात हसला. "एक गॅझेटेड साहेब माह्या चांगल्या वळखीचा हाये. यार्डातला असिस्टंट इंजिनेर, वालावलकर साहेब."

"कितीक वळख हाये?" मामीने विचारलं. नवऱ्याच्या ओळखी तिला माहीत होत्या.

"मागच्या महिन्यात त्यानं मले नावानं शिवी देल्ली," मामा म्हणाला. "तीनशे लोकं उभे होते. दुसऱ्या कोनाचं नाव घेतलं काय?"

रविवारी सकाळी मामा-भाचे भिलाई-तीनच्या रेल्वे वसाहतीत साहेबांच्या क्वार्टरवर गेले. वालावलकर साहेब मूळचे मालवणकडचे. व्हरांड्यात एकटेच बसले होते, हातात आईचं पत्र. मामाने फाटकापासूनच नमस्कार सुरू केला. टिकारामने कोऱ्या दाखल्याचा कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला, आणि इतर साहेब वाचल्यावर जे करत नाहीत ते केलं. प्रश्न विचारला.

"मी तुम्हाला कधीपासून ओळखतो?"

टिकारामने मामाकडे पाहिलं. मामाने छपराकडे पाहिलं.

"आताच साहेब. फाटक उघडलं तवापासून."

"मग तीन वर्षं कसं लिहू?"

"सगळेच लिवतात साहेब," मामा मध्ये पडला.

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी. मी ज्याला ओळखत नाही त्याचं चारित्र्य चांगलं आहे असं लिहिणार नाही. चांगलं असेलही. चोरही असाल. मला काय माहीत?"

दुसरा कोणी असता तर उठला असता. पण टिकाराम कॉलेजात तर्कशास्त्र शिकला होता, आणि त्याच विषयात दोनदा बसल्यामुळे ते जरा जास्तच पक्कं झालं होतं. तो म्हणाला, "मग वळख करून घ्या ना साहेब. शनिवारपर्यंत टाइम हाये."

साहेबांनी आईचं पत्र पुन्हा एकदा वाचून त्याची घडी घातली. बराच विचार केला. "त्याला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "मी रोज संध्याकाळी फिरायला जातो. या."

आणि अशी ती ओळख सुरू झाली. साहेबांचं फिरणं म्हणजे गाडी चुकत असल्यासारखं चालणं. टिकाराम मागून धापा टाकत जायचा आणि साहेब पुढून प्रश्न टाकायचे. सिगारेट ओढता का? कर्ज आहे का? खोटं बोलता का?

"कधीच नाई साहेब."

"हे एक झालं," साहेब म्हणाले आणि आणखी जोरात चालू लागले.

घरी मामा वाट पाहत असायचा. सगळं ऐकून घेऊन त्याने निकाल दिला, "नुसतं चालून चारित्र्य दिसत नाई लेका. दाखवा लागते." मग त्याने बेत केला. मंगळवारी संध्याकाळी मामा साहेबांच्या वाटेवरून पुढे चालत जाईल आणि आपला तंबाखूचा बटवा पाडील. टिकारामने तो उचलून धावत जाऊन परत द्यायचा. मामा म्हणेल, बाबू, तुम्ही देवमाणूस. साहेब मागून पाहतील. मामाने तोंड लपवायला डोक्याला फडकं बांधलं आणि लंगडायचंही ठरवलं. कशासाठी ते त्यालाच माहीत.

बटवा पडला अगदी ठरल्या जागी. टिकाराम वाकणार, तोच पलीकडून मातीची टोपली घेऊन जाणारी एक छत्तीसगढी बाई टोपली टाकून धावली. तिने बटवा उचलला आणि ओरडली, "ए बबा! तोर बटुवा गिर गे!"

मामाने ऐकलं नाही असं दाखवलं आणि लंगडत वेग वाढवला. बाई मागे लागली. पुढे लंगडा पळतोय, मागे बाई बटवा नाचवत धावतेय, त्यामागे टिकाराम "मी देतो, मी देतो" करत धावतोय. शेवटी बाईने मामाला गाठून बटवा त्याच्या हातात कोंबला. मामाने गडबडीत तिला चिमूटभर तंबाखू देऊ केली. "मोला नइ चाही," म्हणून ती फणकाऱ्याने परत गेली.

साहेब खूश. "पाहिलंत?" ते टिकारामला म्हणाले. "हिला म्हणतात चारित्र्य. हिने दाखला मागितला तर मी आत्ता देईन."

बुधवारी साहेबांच्या आवारातल्या पेरूच्या झाडाखाली टिकाराम जरा जास्त वेळ उभा राहिला. गुरुवारी यार्डाजवळ एक कुत्रं भुंकलं आणि बी.ए. झालेला टिकाराम साहेबांच्या पाठीमागे गेला, साहेबांचा कोट दोन्ही हातांनी धरून. त्याच संध्याकाळी परत फिरताना साहेब फाटकापाशी थांबले.

"मी तुम्हाला आता बऱ्यापैकी ओळखतो," ते म्हणाले.

टिकाराम हरखला. त्याने खिशातून कागद काढला.

"म्हणूनच तर पंचाईत झाली आहे. तो लंगडा तुमचा मामा होता. यार्डात मी त्याला रोज पाहतो, दोन्ही पाय ठणठणीत आहेत. पेरू तुम्ही नेलेत, तेही कच्चे. आता मी काय लिहू? अनोळखी माणसाबद्दल चांगलं लिहिता येत नाही, आणि ओळखीच्या माणसाबद्दल फक्त चांगलं लिहिता येत नाही."

फाटक बंद झालं. टिकाराम खुर्सीपारपर्यंत तो कोरा कागद हातात धरून चालत आला. त्याला रडू येत होतं. गावाने बँड बोलावला होता. मामीने गूळ वाटला होता. आणि परवा शनिवार.

शुक्रवारी तो पोस्टात गेला. नोकरी हातची गेलीच तर असावा म्हणून हवामान खात्याकडे आणखी एक अर्ज टाकायचा होता. पोस्टाच्या दारातच त्याला वास आला. असला वास की तिकिटं घ्यायला आलेले दोघे सरदारजी बाहेर रस्त्यावर रांग लावून उभे होते. आत शेषराव नाकाला उपरणं बांधून बसले होते, टेबलावर एक शिवलेलं पार्सल होतं, आणि टेबलासमोर लालबुंद चेहऱ्याने उभे होते वालावलकर साहेब.

"अहो, माझ्या आईने पाठवलेले सुके बोंबील आहेत हे," साहेब सांगत होते. "नाव माझं, पत्ता माझा. द्या ना!"

"साध्या डाकेनं आलं असतं तर काल रातीच फेकलं असतं तुमच्या घरी," शेषराव उपरण्यातून म्हणाले. "पन तुमच्या आईनं इमा उतरवला. इम्याचं पार्सल वळख पटल्याबिगर देता येत नाई. पोस्टाच्या वळखीचा मानूस साक्षीले पायजे."

"माझा ऑफिसचा शिक्का आहे!"

"शिक्का कोनीबी बनवते."

"सकाळी मी यार्डातला माझा हरकाम्या खलाशी पाठवला होता."

"त्याले कोन वळखते?"

साहेबांनी शिक्का खिशात घातला. नियम म्हणजे नियम, हे आठवडाभर तेच सांगत आले होते आणि आता तो नियम टेबलावर घमघमत होता. एवढ्या मोठ्या यार्डात त्यांना सलाम ठोकणारे शेकडो होते. पोस्टात येऊन हा वालावलकर आहे असं सांगणारा एक मिळत नव्हता. तेवढ्यात शेषरावांना दारातला टिकाराम दिसला.

"अरे, हा पाहा! याले म्या वळखतो. बी.ए., इकडं ये. या गृहस्थाले वळखतो काय तू?"

टिकारामने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान फिरवली आणि ते भिंतीवरचा टपालाच्या वेळांचा तक्ता वाचू लागले. आता मी खोटं कशाला सांगू, उट्टं काढायचं टिकारामच्या मनात आलंच. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी बोंबील सोमवारपर्यंत तिथेच राहिले असते. किंवा कानाशी जाऊन म्हणता आलं असतं, तुम्ही माझी तीन वर्षं लिहा, मी तुमची लिहितो. लबाडी करायची म्हटलं तर इतकी सोपी वेळ पुन्हा आली नसती.

"वळखतो," तो म्हणाला.

"कवापासून?"

"गेल्या रविवारपासून."

"बस? मंग नक्की हेच ते हायेत कावून म्हनतो तू?"

"हेच हायेत," टिकारामला आता आठवड्याचा राग आला आणि तोंड सुटलं. "आवाज करडा हाये. चालतात असे का मानूस मरून जाईन. दुसऱ्याचं आयकत नाईत. माहा दाखला देऊन नाई राहिले. पन खोटं बोलत नाईत, ना सोताच्या फायद्याचं ना दुसऱ्याच्या. आन आईचं पत्र आलं का दोनदा वाचतात. सांजच्याले घरी कोनी नसते म्हनून भटकतात, अंधार पडेपर्यंत. पार्सल त्याइचंच हाये पोस्टमास्तर. देऊन टाका."

शेषरावांनी कागद पुढे केला. टिकारामने साक्षीदाराच्या जागी सही ठोकली, तीही बी.ए. लावून. साहेबांनी पार्सल उचललं आणि तडक बाहेर गेले. टिकारामने हवामान खात्याचा अर्ज रजिस्टर केला आणि जरा वेळाने बाहेर आला. साहेब रस्त्यावर तसेच उभे होते.

"घरी जायाचं नाई काय साहेब?"

"माझा स्वयंपाकी महाराज कानपूरचा, कडक सोवळ्याचा. हे घरात नेलं तर तो रात्रीच्या गाडीने परत जाईल," साहेब म्हणाले. "आईला हे लिहिलं नव्हतं मी. तिला वाईट वाटलं असतं."

"माही मामी रांधते," टिकाराम म्हणाला. आणि मग त्याला काळजी वाटली, कारण त्यांचं घर खुर्सीपारला होतं, आणि तेही वस्तीच्या कोणत्या टोकाला ते त्याला माहीत होतं.

संध्याकाळी साहेब आले. मामा आधी घरात लपला, मग आठवण झाली की आपल्याला लंगडायचं नाही, मग बाहेर आला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, साहेबांनी तो पाहिला. मामाने धीर करून विचारून टाकलं, "साहेब, आमच्या घरी चालन ना तुमाले जेवाले?"

"चूल कुठे आहे?" साहेब म्हणाले. "वास तर रस्त्यापर्यंत येतोय."

चंपामामीने बोंबील लसणात आणि लाल मिरचीत घातले होते. साहेब पोत्यावर मांडी घालून बसले. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला नाकातून, आणि मग त्यांनी तोंडातून एक शब्द न काढता चार वेळा भात मागून घेतला. "आई खोबरं घालते," एवढंच शेवटी म्हणाले. मामी म्हणाली, "पुढच्या टायमाले घालीन." साहेबांनी हात धुतले आणि जाता जाता टिकारामला म्हणाले, "उद्या सकाळी ऑफिसात या. कोरा कागद आणू नका, माझ्याकडे आहे."

शनिवारी टिकारामने दाखला घेतला आणि मामाबरोबर भरतीच्या ऑफिसकडे निघाला. दाखला इंग्रजीत होता. मामाने रस्त्यातच हट्ट धरला, वाचून दाखव. टिकाराम एकेक ओळ मराठीत सांगत गेला.

"श्री. टिकाराम यांना मी गेल्या रविवारपासून ओळखतो. भिलाईत याहून जास्त काळ मला ओळखणारा कोणी नाही. ते कुत्र्याला घाबरतात. चांगले दिसावे म्हणून लबाडी करतात, पण ती त्यांना जमत नाही. एकदा खोटे बोलून स्वतःचा फायदा करून घेण्याची संधी त्यांना होती. त्यांनी खरे सांगितले, आणि मला ते ऐकायला आवडले नाही. मजुरांची हजेरी त्यांच्या हाती द्यावी. मी त्यांच्या घरी जेवलो आहे."

मामा रस्त्यात थांबला. "अन तीन वर्ष कोठी हायेत?"

"नाईत."

"लेका, मेलो आपन!"

पण वेळ नव्हती. भरतीच्या ऑफिसात ही रांग. बाबूसमोर दाखल्यांचा ढीग. टिकारामने कागद दिला. बाबूने तो उलटला, खालचा गोल शिक्का पाहिला, गॅझेटेड हा शब्द पाहिला, आणि फायलीत घातला. "सोमवार से आ जाओ. अगला!"

झालं! नोकरी लागली! मामाने टिकारामच्या पाठीवर थाप मारली. टिकाराम मात्र जागचा हलला नाही.

"बाबूजी," तो म्हणाला, "पढ़ा नहीं आपने?"

मामाच्या हाताची थाप चिमट्यात बदलली.

"क्या पढ़ना है? सब में एक ही बात लिखी रहती है."

"इसमें नहीं है बाबूजी. एक बार पढ़िए तो."

बाबूने भुवया वर केल्या. फायलीकडे हात नेला. मामाने बी.ए. झालेल्या भाच्याची कॉलर धरली आणि रांगेतल्या सगळ्या भारतातल्या उमेदवारांना ढकलत त्याला बाहेर ओढून काढलं. मागून बाबूचं "अगला!" पुन्हा ऐकू आलं.

"पागल झाला काय बे? गुळाच्या जाग्यावर मामी माती वाटन!"

"मामा, कोनी वाचलंच नाई ना ते," टिकाराम म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "माह्याबद्दल एवढं कोनी लिवलं नाई आजवर. त्या फायलीत बंद झालं."

मामाने त्याची कॉलर सोडली. खुर्सीपारचा रस्ता लागला तसा मामा म्हणाला, "तुले पाठ हाये काय?"

टिकारामला सगळं पाठ होतं. त्याने पहिल्यापासून म्हणून दाखवलं, कुत्र्यासकट. मामा डोकं खाली घालून ऐकत होता.

"शेवटचं आखीन एकदा सांग."

"मी त्यांच्या घरी जेवलो आहे."

"सरकारी कागदावर लिवलं त्यानं हे?"

"शिक्क्यासंग, मामा."

मामाने खिशातून बटवा काढला, पण तंबाखू काही काढली नाही. घर येईपर्यंत त्याने ते वाक्य भाच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, आणि दारात पोचल्यावर मामीला सांगायची पाळी आली तेव्हा नोकरीचं सांगायचं विसरून तेवढंच आधी सांगितलं.